आखेनला शिकायला निघालेय: सांगलीतनं काय न्यावं, डिसेंबरात येणाऱ्या मैत्रिणींची सोय आणि घरची आठवण

शाळूची_भाकरी (सांगली)

नमस्कार. ऑक्टोबरपासून जर्मनीत आखेनला मास्टर्स सुरू होतंय. प्रवेश, व्हिसा, वसतिगृह हे सगळं मार्गी लागलंय, त्यावर प्रश्न नाही. खोली १४ चौरस मीटरची आहे. न्हाणीघर आतच, पण स्वयंपाकघर मजल्यावरच्या नऊ जणांत मिळून. शेगडी सपाट काचेची. विमान मुंबईहून दुबईमार्गे, २३ किलोच्या दोन बॅगा.

आईची यादी अशी: कांदा-लसूण चटणी २ किलो, घरचं तूप १ किलो, साताऱ्याच्या मावशीकडचे कंदी पेढे, भडंग, लिंबाचं लोणचं, ताजा कढीपत्ता, शाळूचं पीठ ५ किलो आणि कुकर. यातलं काय जातं, काय अडवतात, आणि खरंच किती लागतं?

दुसरं, कॉलेजातल्या दोघी मैत्रिणी डिसेंबरात १० दिवस येणार आहेत. माझ्याच खोलीत राहतील असं बोलणं झालंय. त्यांच्या व्हिसासाठी मला काय द्यावं लागेल? एवढ्या खोलीत तिघी राहू शकतो का?

तिसरं, घर सोडून कधी राहिलेले नाही. पहिल्या हिवाळ्यात घरची ओढ लागते तेव्हा नेमकं काय केलं तर उपयोग होतो? धीराचे शब्द घरचे देतातच, इथं उपाय हवे आहेत.

हरिपूर_संगम

यादीपासून सुरू करतो. युरोपीय संघाबाहेरनं येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातनं नेता येत नाहीत, अगदी पाव किलो असले तरी. म्हणजे तूप आणि कंदी पेढे आजच यादीतनं काढा. खवा, चक्का, बासुंदी, श्रीखंड यांचंही तेच. पेढा मिठाईत मोडतो म्हणून चालेल असं बरेच जण सांगतात, त्यावर विसंबू नका. सूट आहे ती बिस्किटं, केक, चॉकलेट, गोळ्या यांना. कंदी पेढा म्हणजे भाजलेला खवाच. सापडला की काढून घेतात, आणि काही न सांगता हिरव्या मार्गानं बाहेर पडला असाल तर दंडही होऊ शकतो. एखाद्या डब्याबद्दल शंका असेल तर लाल मार्गानं जाऊन स्वतः दाखवावा. मग फार तर तेवढी वस्तू जाते.

ताज्या पानाफळांचा नियम वेगळा आहे. त्यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढ्या पाचांनाच त्यातनं सूट आहे. ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबं, आलं यांतलं काही नेऊ नका. कढीपत्ता सावलीत हातानं चुरेल इतका कडक वाळवून घ्या. अख्खी कडधान्यंही टाळा, पेरणीचं बी समजून चौकशी होते आणि तिथं ती मिळतातही. तुर्की दुकानात मसूर, छोले, कोथिंबिरीच्या जुड्या, भेंडी, वांगी मिळतात. आशियाई दुकानात तूरडाळ, पोहे, गूळ. सुपरमार्केटात 'वाइखवाइत्सनग्रीस' म्हणून मिळतो तो आपला रवा, उपमा-शिरा त्यात उत्तम होतो.

आता चटणी. तुमचं विमान दुबईमार्गे आहे, त्यामुळं हे नीट वाचा. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बेकायदा आहे. आपल्या कांदा-लसूण चटणीत आणि काळ्या मसाल्यात बहुतेक घरी खसखस पडते. चेक-इन बॅग परस्पर पुढच्या विमानात जाते हे खरं, पण विमान चुकून दुबईत मुक्काम पडला आणि बॅग ताब्यात घ्यावी लागली तर प्रकरण साधं राहत नाही. या वर्षीची चटणी खसखस न घालता करा, तीळ थोडे वाढवा. चवीत फरक फार पडत नाही. विकतचा मसाला असेल तर पाकिटावरचे घटक वाचा. मैत्रिणींनाही हेच सांगा, विशेषतः त्या वाटेत दुबई बघायला उतरणार असतील तर.

२ किलो चटणी एका माणसाला एका खेपेत लागत नाही. रोज ८ ग्रॅम, म्हणजे साधारण दोन लहान चमचे, आणि आठवड्यातनं पाच दिवस घरचा स्वयंपाक धरला तर आठवड्याला ४० ग्रॅम होतात. ऑक्टोबर ते डिसेंबरअखेर १३ आठवडे, म्हणजे ५२० ग्रॅम. ७०० ग्रॅम न्या. पुढच्या सहा महिन्यांची १ किलो मैत्रिणी आणतील, तीही ताजी कुटलेली. एकदम २ किलो नेली तर मार्चपर्यंत वास उडतो आणि लसूण खवट लागायला लागतो. कांदा-खोबरं कुरकुरीत होईपर्यंत तळलेलं किंवा भाजलेलं हवं. कांद्यात ओल राहिली की दोन महिन्यांत बुरशी धरते.

बांधताना बरणी वापरू नका. विमान उंचावर गेलं की सामानाच्या कप्प्यातला दाब कमी होतो, बरणीतली हवा फुगते आणि तेल झाकणातनं बाहेर ढकललं जातं. अडीचशे ग्रॅमच्या जाड पिशव्या करा, हवा पूर्ण दाबून काढून सील मारा, त्यावर दुसरी झिपची पिशवी. लोणच्यालाही तसंच. लोणचं आणि चटणी दोन्ही चेक-इनमध्येच ठेवा, हातातल्या बॅगेतनं काढून टाकायला लावतात. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या कुठंच ठेवू नका. त्यात तेल जास्त असल्यानं ते ज्वालाग्राही धरतात.

सांगलीची हळद २५० ग्रॅम वर्षभर पुरते. तासगावचे बेदाणे अर्धा किलो घ्या. तयार भडंग जागा खातं आणि वाटेत चुरा होतं. त्याऐवजी भडंगाचे जाड चुरमुरे कुकरच्या आत आणि बॅगेतल्या मोकळ्या कोपऱ्यांत पिशव्या करून भरा, शेंगदाणे वेगळे घ्या. तिथं गेल्यावर तेलात लसूण, कढीपत्ता, हळद आणि चटणी परतून दहा मिनिटांत ताजं होतं. तिकडच्या दुकानातले फुललेले तांदळाचे दाणे बऱ्याचदा गोड असतात, त्याचं भडंग होत नाही.

कोरेगावकर

शाळूचं पीठ ५ किलो नका नेऊ. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा मुळातच नसतो, आणि दळून महिना झाला की भाकरी थापताना चिरा पडतात. २ किलो न्या, त्यात पंचवीस-तीस भाकरी होतात. पोचल्यावर फ्रीजरमध्ये जागा मिळाली तर तिथं ठेवा. पीठ जुनं व्हायला लागलं की उकड काढा: एक वाटी पाणी मिठासह खळखळ उकळवा, शेगडी बंद करून एक वाटी पीठ घाला, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग गरम असतानाच जोर लावून मळा. जुन्या पिठाचीसुद्धा भाकरी मोडत नाही.

तवा सपाट बुडाचाच घ्या. खोलगट लोखंडी तवा काचेच्या शेगडीवर मधोमधच टेकतो आणि भाकरी कडेनं कच्ची राहते. खाली ज्योत नसल्यानं भाकरी थेट विस्तवावर फुगवता येत नाही. दुसरी बाजू भाजून झाली की ओल्या फडक्याचा बोळा करून कडेकडेनं दाबा, तव्यावरच फुगते.

कुकर घेण्याआधी वसतिगृहाला विचारा की काचेखाली साधी तापणारी कॉइल आहे की इंडक्शन. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही. स्टीलचा, बुडाला चुंबक घट्ट चिकटणारा हवा. ३ लिटरचा पुरे. कॉइलची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, त्यामुळं गॅसच्या सवयीनं शिट्ट्या मोजल्या तर भात खाली लागतो. तीन शिट्ट्या हव्या असतील तर दुसरीला बंद करा, तिसरी आपोआप होते. जास्तीची गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह इथूनच घेऊन जा, तिकडच्या कुकरचे भाग आपल्याला बसत नाहीत. मिक्सर चालतो, वीज तिकडंही २३० व्होल्टच आहे. पण आपली तीन पिनांची पिन तिथल्या भोकांत जात नाही. अर्थिंग असलेला ॲडॉप्टर घ्या, स्वस्तातला दोन पिनांचा नको.

तुपाची काळजी आईंनी करू नये. तिथलं बिनमिठाचं लोणी २५० ग्रॅमच्या वडीत मिळतं, त्यात ८२ टक्के स्निग्धांश असतो. एक वडी मंद आचेवर कढवली की साधारण २०० ग्रॅम तूप निघतं, वीस मिनिटांत.

यवतेश्वर_घाट

कोरेगावकर, फोडणीचं राहिलं. सामाईक स्वयंपाकघरात पहिल्या आठवड्यात होणारी चूक म्हणजे धूर झाला की मजल्याच्या बोळाकडचं दार उघडणं. धूर बोळात जातो, तिथल्या यंत्राला लागतो आणि अख्ख्या इमारतीचा भोंगा वाजतो. काही इमारतींची यंत्रं थेट अग्निशमन दलाला जोडलेली असतात, खर्च ज्याच्यामुळं भोंगा वाजला त्याच्या अंगावर येऊ शकतो. बोळाकडचं दार बंद ठेवायचं, खिडकी पूर्ण उघडायची, शेगडीवरचा पंखा आधी लावायचा, मग तेल तापवायचं. मोहरी टाकली की लगेच झाकण. तेल धुरावण्याआधीच मोहरी तडतडते, धुराची वाट बघायची गरज नसते. यंत्रावर पिशवी बांधणं हा गुन्हा समजला जातो, ते कुणी सुचवलं तरी करू नका.

आता मैत्रिणींचं. त्यांना शेंगेन सी प्रकारचा, म्हणजे थोड्या दिवसांच्या भेटीचा व्हिसा लागेल. शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो, शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, कागद कमी पडले तर ४५ पर्यंत ताणतो. नाताळच्या तोंडावर भेटीची वेळ मिळणं अवघड होतं, म्हणून अर्ज ऑक्टोबरातच गेला पाहिजे. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा.

अर्ज कुठल्या देशाकडं करायचा यात लोक चुकतात. आखेन बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेवर आहे, त्यामुळं 'चार दिवस तुझ्याकडं, सहा दिवस पॅरिस' असा बेत सहज होतो. मग अर्ज फ्रान्सकडं करावा लागतो, कारण ज्या देशात जास्त रात्री तोच देश अर्ज बघतो. रात्री सारख्या असतील तर पहिल्यांदा ज्या देशात पाऊल पडतं तो. आधी दिवसांचा तक्ता पक्का करा, मग अर्ज.

तुमच्याकडनं लागतील ते कागद: सहीचं निमंत्रणपत्र (दोघींची पासपोर्टवरची नावं, तारखा, राहण्याचा पत्ता), तुमच्या व्हिसाची किंवा निवास परवान्याची प्रत, नगरपालिकेतल्या नोंदणीचा दाखला आणि खोलीचा करार. नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि तिला घरमालकाचं पत्र लागतं, 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. वसतिगृहाची चावी घेतानाच ते मागून घ्या. हा दाखला हातात आला की मैत्रिणींचा अर्ज पुढं सरकतो, म्हणून भेटीची वेळ लगेच घ्या.

'फेरफ्लिश्टुंग्सएरक्लेरुंग' म्हणजे पाहुण्यांच्या सगळ्या खर्चाची कायदेशीर हमी. विद्यार्थ्याचं उत्पन्न त्याला पुरत नाही, आणि पुरलं तरी तुम्ही ती देऊ नये असं माझं मत आहे. पाहुणी आजारी पडली तर विम्याबाहेरचा खर्च तुमच्यावर येतो. मैत्रिणींनी स्वतःचा पैसा दाखवावा. जर्मनी माणशी दिवसाला ४५ युरो धरते, म्हणजे दहा दिवसांना ४५० युरो तर हवेतच, परतीचं तिकीट वेगळं. अर्जाच्या आदल्या आठवड्यात वडिलांनी खात्यात एकदम दोन लाख टाकले तर ते उठून दिसतं. तीन-चार महिन्यांचं पगारासहित नियमित विवरण, आयकर विवरणपत्र आणि नोकरीच्या ठिकाणची रजा मंजुरी यांना जास्त वजन आहे.

शाळूची_भाकरी (सांगली)

फार मोलाची माहिती. कुकरबद्दल आजच ईमेल पाठवला. यवतेश्वर, खोलीत तिघींनी राहण्याचं काय? करारात 'पाहुणे' असा परिच्छेद आहे, पण तो जर्मनमध्ये आहे.

यवतेश्वर_घाट

तो परिच्छेद भाषांतर करून नीट वाचा. त्यात दोन गोष्टी शोधायच्या: सलग किती रात्री पाहुणा चालतो, आणि आधी कळवावं लागतं का. तीन महिन्यांपेक्षा कमी राहणाऱ्या परदेशी पाहुण्याची नगरपालिकेत नोंदणी लागत नाही, ती काळजी सोडा. पण वसतिगृहाचे स्वतःचे नियम असतात. दोघी दहा दिवस राहणार हे हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्याला, ईमेलनं कळवून लेखी होकार घ्या. तोच होकार व्हिसाच्या कागदांत निवासाचा पुरावा म्हणून जोडता येतो. होकार मिळाला नाही तर वसतिगृहात भाड्याची पाहुण्यांची खोली आहे का विचारा, नाहीतर युवा वसतिगृहात दोन खाटा घ्या. व्हिसापुरतं हॉटेल आरक्षित करून नंतर रद्द करायचं असं एजंट सुचवतात. ते करू नका. अर्जात एक आणि सीमेवर विचारल्यावर दुसरं निघालं तर तिथूनच परत पाठवू शकतात.

१४ चौरस मीटरमध्ये खाट, टेबल, कपाट वजा केलं की जमिनीवर जेमतेम दोन गाद्यांची जागा उरते. बॅगा बोळात ठेवायच्या नाहीत, तो आगीच्या वेळी बाहेर पडायचा रस्ता आहे, चपला-बुटांचंही तेच. आधीच सांगून एकेक मध्यम बॅगच आणायला लावा. जमीन गार असते. खाली फोमची चटई, त्यावर झोपायची पिशवी किंवा सोलापुरी चादरींच्या दोन घड्या, अशी रचना करा. तिघी एका बंद खोलीत झोपल्या की सकाळी खिडकीच्या काचेवरनं पाणी ओघळतं आणि आठवड्यात कोपऱ्यात बुरशी दिसायला लागते. जर्मन घरमालक बुरशीवरनं अनामत रक्कम कापतात. सकाळ-संध्याकाळ हीटर बंद करून खिडकी सताड उघडा, पाच ते दहा मिनिटं. खिडकी दिवसभर किंचित कलती ठेवू नका. त्यानं भिंत गार होते आणि ओल आणखी धरते. हीटरच्या खुंटीवरचा ३ आकडा म्हणजे साधारण २० अंश, तेवढा पुरतो.

रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची. रविवारी दिवसभर शांतता, आणि दुकानंही बंद. २५ आणि २६ डिसेंबर, १ जानेवारी पूर्ण बंद, २४ ला दुपारीच बंद होतात. या तारखांत पाहुणे असतील तर पीठ, दूध, भाजी आधी भरून ठेवा. त्यापेक्षा १३ ते २२ डिसेंबर बरा. आखेनचा नाताळ बाजार साधारण २३ तारखेपर्यंत असतो. तुमचे तास चालू असतील, पण त्याचा फायदा करून घ्या: सकाळी तुम्ही वर्गात, त्या दोघी कोलोनला. प्रादेशिक गाडीनं तासाभराचं अंतर, आणि कॅथेड्रल स्टेशनला लागूनच. आखेनचा स्वतःचा डोम, म्हणजे तिथलं कॅथेड्रल, १९७८ साली जागतिक वारशाच्या अगदी पहिल्या यादीत आलेला आहे, तो सगळ्यांनी मिळून बघा. फाल्सजवळ तीन देशांच्या सीमा मिळतात तिथं बस जाते. टेकडी ३२२ मीटरची आहे, आपला अजिंक्यतारा चढणाऱ्याला ती चढण वाटायची नाही.

तुमचं सेमिस्टर तिकीट, म्हणजे विद्यार्थ्यांचा प्रवासाचा पास, फक्त तुमच्या नावावर चालतं. पाहुणी त्यावर बसली तर ६० युरो दंड. त्या दोघींनी प्रादेशिक गाड्यांचं गटाचं दिवसाचं तिकीट घ्यावं, आयसीई, म्हणजे वेगवान लांब पल्ल्याची गाडी, त्यात चालत नाही हे सांगून ठेवा.

आणखी दोन गोष्टी नाजूक आहेत, पण आधी बोला. वसतिगृहाचं इंटरनेट तुमच्या नावावर असतं. पाहुणीनं फोनवर टोरेंटनं सिनेमा उतरवला तर काही शे युरोंची वकिली नोटीस तुम्हाला येते. त्यांना स्वतःचं प्रवासी सिम घ्यायला सांगा. आणि चावी. वसतिगृहाची चावी अनेक दारांना लागते, ती हरवली तर सगळी कुलुपं बदलण्याचा खर्च मागतात. चावी एकीकडंच, गळ्यात. किराण्याचे पैसे पहिल्याच दिवशी एका डब्यात सारखे जमा करा. तुमचं महिन्याचं गणित बेताचं असणार आणि 'पाहुण्यांकडनं कसे घ्यायचे' या संकोचात दहा दिवसांत ते कोलमडतं.

वाईचा_घाट

तिसऱ्या प्रश्नावर लिहिते. विद्यार्थ्यांचं समुपदेशन हे माझं काम आहे, त्यामुळं जे नेमानं दिसतं तेवढंच सांगते.

घरची ओढ दिवसभर सारखी नसते, तिच्या वेळा असतात. संध्याकाळी खोलीत परतल्यावरचे दोन तास, रविवार, आजारपण आणि सण. आखेनमध्ये डिसेंबरात सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. सांगलीत त्या दिवसांत अकरा तास उजेड असतो, तिथं आठ. आभाळही बहुतेक भरलेलं. झोप, भूक आणि मन तिन्हीवर त्याचा परिणाम होतो आणि तो आपल्या स्वभावाचा दोष नसतो. दुपारी १२ ते २ मध्ये अर्धा तास उघड्यावर चाला, पाऊस असला तरी. जाड कोटापेक्षा पावसाचं जाकीट आणि पाणी न शिरणारे बूट तिथं जास्त लागतात, कारण आखेनला बर्फापेक्षा पाऊसच जास्त. डी जीवनसत्त्वाची तपासणी निघण्याआधी सांगलीतच करून घ्या आणि कमी असेल तर डॉक्टर सांगतील त्या मात्रेनं सुरू करा.

संध्याकाळचे दोन तास मोकळे ठेवू नका. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी जिथं तुमची हजेरी लागते असं काहीतरी पहिल्याच महिन्यात धरा: विद्यापीठाचा खेळाचा वर्ग, जर्मन भाषेचा वर्ग, गायन. 'वाटलं तर जाईन' अशा ठिकाणी नोव्हेंबरात कुणी जात नाही, नाव नोंदवून पैसे भरलेल्या ठिकाणी जातात. रविवारी सकाळी सामाईक स्वयंपाकघरात पोहे किंवा भडंग जास्तीचं करून ठेवा. मजल्यावरच्या नऊ जणांशी ओळख व्हायला याहून सोपा मार्ग नाही.

जेवणाचं एक लक्षात ठेवा. तयार खाऊची पाकिटं पहिल्या महिन्यात संपतात आणि ती संपली की घर आणखी लांब वाटतं. ज्या मुलींना रोजची आमटी, भाकरी आणि एखादं कालवण हातानं करता येतं त्यांना ही ओढ कमी छळते. निघायच्या आधी महिनाभर सांगलीत, आईनं फक्त बघायचं आणि तुम्ही एकटीनं करायचं, असा सराव करा. बॅगेत एखादा किलो कमी नेला तरी चालेल.

फोनबद्दल. दर अर्ध्या तासाला फोटो आणि रात्री झोपेपर्यंत चालू ठेवलेला व्हिडिओ यानं मन ना इथं राहतं ना तिथं. ठरलेली वेळ असावी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ मागं जातं आणि अंतर साडेतीनचं साडेचार तास होतं. सांगलीत रात्रीचे ९ म्हणजे तिथं दुपारचे साडेचार, नेमकी अंधार पडायची वेळ. आठवड्यातनं तीन दिवस ही वेळ धरा, वीस-पंचवीस मिनिटं. रविवारी सकाळी तिथले ९, म्हणजे आपल्याकडं दुपारचा दीड, तेव्हा निवांत बोला. आईला झोपताना बघायची सवय असेल तर ती निघण्याआधीच हळूहळू सोडवा, कारण तिथं रात्रीचे ११ वाजतात तेव्हा सांगलीत पहाटेचे साडेतीन झालेले असतात.

आई-वडिलांनी घरातलं आजारपण मुलीपासून लपवू नये. नंतर कळलं की पुढच्या प्रत्येक 'सगळं बरं आहे' वर तिचा विश्वास राहत नाही आणि काळजी दुप्पट होते.

आता कधी मदत घ्यायची ते. दोन आठवडे सलग झोप लागत नाही किंवा अंथरुणातनं उठवत नाही, जेवण सुटतंय, तास बुडतायत, न्हाणं-धुणं राहतंय, यांतलं दोन-तीन एकत्र दिसलं तर ते घरच्या ओढीच्या पलीकडचं आहे. विद्यापीठाची आणि विद्यार्थी सेवा संस्थेची मानसशास्त्रीय सल्लासेवा मोफत आणि गोपनीय असते, इंग्रजीत बोलता येतं. वेळ मिळायला थांबावं लागतं, म्हणून त्रास वाढायची वाट न बघता ईमेल करा. विमा सरकारी असेल तर मानसोपचार त्यात बसतात, पहिली भेट ११६११७ या क्रमांकावरनं मागता येते. मरणाचे विचार येत असतील तर थांबायचं नाही: ०८०० १११ ०१११ हा टेलिफोनझेलझोर्गे या मदतवाहिनीचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणीबाणीत ११२. इकडं आईवडिलांना काळजीनं झोप लागेनाशी झाली तर टेलिमानस ही सरकारी मदतवाहिनी, १४४१६, मराठीत बोलता येतं.

मैत्रिणी निघून गेल्यानंतरचे तीन दिवस सगळ्यात जड जातात, येण्याच्या आनंदात हे कुणी धरत नाही. त्यांची गाडी शक्यतो सकाळची ठेवा. दुपारी गाद्या गुंडाळून चादरी धुलाई यंत्रात टाका आणि खोली मूळ जागेवर आणा. संध्याकाळी कुणाशी तरी भेट ठरलेली असू द्या. त्यांच्या परतीच्या दुसऱ्याच दिवशी नाताळची सुट्टी सुरू होऊन वसतिगृह रिकामं होत असेल, तर कोण कोण थांबतंय हे नोव्हेंबरातच विचारून ठेवा. फ्रांकफुर्ट, म्युनिकसारख्या मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत, त्यांचे कार्यक्रम बघून ठेवा.

मिरज_जंक्शन

वरच्यात एकच भर. सांगलीकरांना जुलै-ऑगस्टमध्ये वेगळी काळजी असते. २०१९ साली कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ आहे. लांब बसून मोबाईलवर फिरणारे पुराचे व्हिडिओ बघत राहिलं तर परीक्षेच्या दिवसांत अभ्यास होत नाही, आणि त्यातले निम्मे जुने असतात. घरच्यांशी आत्ताच ठरवा: पाणी ३५ फुटांवर गेलं की सकाळ-संध्याकाळ एकेक संदेश, त्यात तीनच गोष्टी: आयर्विनचा आकडा, घरातले कुठं आहेत, वीज आणि फोन चालू आहेत का. फोन बंद पडला तर मिरजेतल्या किंवा साताऱ्यातल्या कोणत्या नातेवाइकाला विचारायचं तेही लिहून ठेवा.

शाळूची_भाकरी (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. चटणी खसखशीशिवाय ७०० ग्रॅम, पीठ २ किलो, तूप आणि पेढे रद्द. मैत्रिणींना १३ ते २२ तारखा कळवल्या. आईला पेढ्यांचं फार वाईट वाटतंय. तिथं करता येतील का?

हरिपूर_संगम

येतात. २ लिटर दूध आटवून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास खवा निघतो, पण सामाईक शेगडी तासाभरापेक्षा जास्त अडवून ठेवावी लागते. त्यापेक्षा हे करा: जाड बुडाच्या भांड्यात ४० ग्रॅम तूप मंद आचेवर, त्यात २०० ग्रॅम सायीसकट दुधाची पावडर, 'फोलमिल्खपुल्फर' असं लिहिलेली. न थांबता परता. सात-आठ मिनिटांत बदामी रंग आला पाहिजे, कंदीची चव या भाजण्यातच आहे. आच वाढवली की पावडर खालनं जळते आणि वरनं पांढरी राहते. मग अर्धी वाटी दूध थोडं थोडं घाला, गुठळ्या मोडा, गोळा भांडं सोडायला लागला की उतरवा. कोमट झाल्यावर ६० ग्रॅम पिठीसाखर आणि वेलची मळून घ्या. गरम असताना साखर घातली तर मिश्रण सैल पडतं आणि पेढा बसतो. वीस-बावीस होतात. सायीच्या पावडरीऐवजी 'मागरमिल्खपुल्फर' आणलीत तर पेढा कोरडा आणि भुसभुशीत होईल, डब्यावरचं नाव बघून घ्या.